मागचा अर्ज पुढे कसा गेला?

प्रश्न: सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून 95 गुणांवर ऑस्ट्रेलियाच्या 189 व्हिसासाठी (मालकाच्या पुरस्काराशिवाय, गुणांवर मिळणारा कायम कुशल व्हिसा) अर्ज केला आहे. माझ्यानंतर चार महिन्यांनी अर्ज करणाऱ्या, 70 गुणांच्या परिचारिकेला व्हिसा मिळालाही. सरकारी संकेतस्थळावर दिलेला, निकालाला लागणारा कालावधी मात्र वाढतोच आहे. माझा अर्ज अडकला का?

उत्तर: अडकला असेलच असे नाही. गुणांचे काम अर्ज करण्याच्या सरकारी आमंत्रणापुरते. अर्ज दाखल झाला की 95 आणि 70 एकाच रांगेत. पण त्या रांगेत आधी प्राधान्यगट पाहिला जातो, तारीख नंतर. हा क्रम मंत्री लेखी निर्देशाने ठरवतात. डिसेंबर 2023 च्या निर्देश क्रमांक 105 ने पाच पायऱ्या लावल्या: प्रादेशिक भागातल्या कामासाठी मालकाने पुरस्कृत केलेले अर्ज, मग आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रातले व्यवसाय, मग सरकारचा खास दर्जा मिळालेल्या मालकांनी (मान्यताप्राप्त पुरस्कर्ते) पुरस्कृत केलेले अर्ज, त्यानंतर बाकीचे कायम व ‘प्रोव्हिजनल’ (पुढे कायम होऊ शकणारे) कुशल व्हिसा, शेवटी उरलेले सगळे. त्या क्रमाने तुम्ही चौथ्या पायरीवर, ती परिचारिका दुसऱ्या. 491 (राज्याच्या किंवा नातेवाइकाच्या पुरस्काराने प्रादेशिक भागात राहण्याचा व्हिसा) ‘प्रादेशिक’ म्हणून पहिल्या पायरीवर जातो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तिथे मालक नसल्याने तसे होत नाही. आणखी एक गोष्ट: नवा निर्देश आला की तो प्रलंबित अर्जांनाही लागू होऊ शकतो. म्हणजे तुम्ही काहीही न करता तुमची जागा पुढेमागे होते.

आता कालावधीचा आकडा. तो भविष्य सांगत नाही. नुकत्याच निकाली निघालेल्या अर्जांपैकी 50 आणि 90 टक्के अर्जांना किती वेळ लागला, एवढेच तो सांगतो. समजा, या महिन्यात दहापैकी नऊ निकाल चार महिने जुन्या, प्राधान्याच्या अर्जांचे लागले. आकडा चारच्या आसपास दिसेल. पुढच्या महिन्यात पंधरा महिने तुंबलेले अर्ज हाती घेतले, तर तोच आकडा पंधरावर जाईल. रांग हलली म्हणून आकडा फुगला! त्यामुळे वाढ पाहून घाबरू नका, आणि घट पाहून राजीनामाही देऊ नका. व्हिसांच्या वार्षिक कोट्याचे वर्ष 1 जुलैला सुरू होते. कोटा संपत आला की चौथ्या पायरीचे काम आधी मंदावते.

पैसे भरून पुढे जाता येईल का, असेही काही वाचक विचारतात. ब्रिटनमध्ये काही व्हिसांसाठी 500 पौंड जादा भरून पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय मागता येतो. ऑस्ट्रेलियाच्या 189 साठी अशी सोय नाही. ‘आतून’ काम करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न: वैद्यकीय तपासणी आणि पोलीस दाखला आताच द्यावा का?

उत्तर: दोन्हींची मुदत साधारण 12 महिने. दुसऱ्या पायरीवर असाल तर अर्जाबरोबरच द्या. चौथ्या पायरीवर फार लवकर दिलेली तपासणी निर्णयाआधीच बाद होऊन पुन्हा खर्च पडू शकतो; न दिल्यास अधिकारी मागणीपत्र पाठवतात आणि उत्तराला सहसा 28 दिवस मिळतात. तपासणीला तेवढे पुरतात. दाखल्याला पुरतीलच असे नाही, म्हणून तो उशिरा मिळणाऱ्या देशाचा असेल तर आधी मागवा. सोळाव्या वर्षानंतर, गेल्या दहा वर्षांत जिथे एकूण 12 महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. जोडीदाराचाही, नेमका तोच राहून जातो. मधल्या काळात पासपोर्ट बदलला तर नवा क्रमांक लगेच तुमच्या ऑनलाइन व्हिसा खात्यात (ImmiAccount) नोंदवा, कारण व्हिसा त्याच क्रमांकाला जोडला जातो.