पाठ ऐकवून शिकवता येतो का?

प्रश्न : आमची माध्यमिक शाळा सातारा जिल्ह्यातील एका गावात आहे. दहावीच्या सर्व विषयांचे पाठ शिक्षकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पॉडकास्टच्या रूपाने विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर द्यावेत, असा मुख्याध्यापकांचा विचार आहे. गैरहजर मुलांचे नुकसान त्यामुळे टळेल, असे त्यांचे म्हणणे आहे. तर ऐकण्याच्या निमित्ताने मुले मोबाइल घेऊन बसतील, अशी पालकांची तक्रार आहे. यात फायदा अधिक की तोटा?
— एक शिक्षिका

उत्तर : योजना चांगली आहे, सरसकट सगळे विषय घेण्याचा आग्रह मात्र सोडावा. कविता, भाषा, इतिहासातील घटनाक्रम, राज्यशास्त्रातील एखादा वादाचा मुद्दा हे सारे बोलण्यातून उलगडत जाते आणि म्हणून ऐकण्यातूनही पोहोचते. भुजंगप्रयाताची लगावली फळ्यावर कितीही वेळा मांडली, तरी ते वृत्त चालीत म्हटलेले दोनदा कानावर पडले की मुलांना जे उमगते, त्याला पर्याय नाही. इंग्रजीच्या उच्चारांचेही तसेच आहे.

याउलट विज्ञानातील प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ घ्या. आपाती किरण, स्तंभिका, अपवर्तन कोन यांची आकृती डोळ्यांसमोर नसताना 'साईन आय भागिले साईन आर' असे कितीही स्पष्ट उच्चारले, तरी पुढचे वाक्य येईपर्यंत मागचे निसटलेले असते. छापील पानावर नजर मागे नेता येते. ध्वनिफितीत नेमकी जागा शोधण्यातच मुलाचे लक्ष उडते. भूमिती, रासायनिक समीकरणे आणि नकाशावाचन वर्गातच राहू द्यावे. फार तर त्या धड्यामागची गोष्ट, म्हणजे हा नियम कोणत्या अडचणीतून सुचला आणि तो व्यवहारात कुठे दिसतो, एवढीच ऐकवावी.

आवाजाच्या माध्यमातून शिकवण्याचा अनुभव तसा जुना आहे. निकाराग्वामध्ये १९७० च्या दशकात प्राथमिक शाळांतील गणित रेडिओवरून शिकवण्याचा प्रकल्प राबवण्यात आला होता. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारून थांबत असे, मुले मोठ्याने उत्तर देत, मग बरोबर उत्तर सांगितले जाई. आणि वर्गात शिक्षकही हजर असत. चाचण्यांत ही मुले नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. माझ्या मते त्या यशात सर्वांत मोठा वाटा त्या थांबण्याचा होता. आपणही प्रत्येक भागात दोन-तीन ठिकाणी प्रश्न विचारून काही क्षण मोकळे सोडावेत आणि त्या प्रश्नांची उत्तरे मुलांनी वहीत लिहून दुसऱ्या दिवशी दाखवावीत, असा नियम करावा. एवढे केले नाही तर पॉडकास्ट घरात नुसता वाजत राहतो.

पालकांची तक्रार खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. बोलण्यापुरत्या, म्हणजे ६४ केबीपीएस दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला अर्ध्या तासासाठी सुमारे १४ एमबी लागतात. तेवढ्याच वेळेच्या व्हिडिओला याच्या कितीतरी पट डेटा खर्च होतो. फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट बंद ठेवता येते आणि फोन फळीवर ठेवून घरातल्या सर्वांसमक्ष ऐकताही येते. भाग दहा-बारा मिनिटांपलीकडे नेऊ नये. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा, पोरांचा गलका नसेल अशी वेळ निवडावी आणि पाठ्यपुस्तक जसेच्या तसे वाचून दाखवू नये. ते कंटाळवाणे होतेच, शिवाय पुस्तकाच्या स्वामित्वहक्काचाही प्रश्न उद्भवतो.

एक गोष्ट बहुतेक शाळा विसरतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पॉडकास्टमुळे जेवढी सोय होते, तेवढीच गैरसोय ऐकू कमी येणाऱ्या विद्यार्थ्याची होते. म्हणून प्रत्येक भागाचा लिखित मजकूर सोबत द्यावाच. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी इतरांनाही लागतो. राहिला गैरहजेरीचा मुद्दा. तापाने दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाला पॉडकास्ट नक्की उपयोगी पडेल. पण ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर महिनोन्महिने बाहेर असलेल्या मुलाचे शिक्षण अशा ध्वनिफितींवर सोडून शाळेने निश्चिंत होणे मला मान्य नाही. त्याला समोर शिक्षक हवा.

प्रश्न : माझा मुलगा अभ्यासाचे पॉडकास्ट दुप्पट वेगाने ऐकतो आणि 'वेळ वाचतो' असे सांगतो. हे योग्य आहे का?
— एक पालक

उत्तर : उजळणीसाठी दीडपट वेग चालेल. नवा विषय मात्र मूळ वेगानेच ऐकावा, कारण वक्त्याच्या दोन वाक्यांमधील उसंतीतच ऐकणारा विचार करत असतो. भाग संपल्यावर त्याला फोन बाजूला ठेवून त्यातले तीन मुद्दे सांगायला लावा. ते त्याला नीट सांगता आले, तर वेगावरून वाद घालू नका. नाही आले, तर तोच भाग साध्या वेगाने पुन्हा ऐकायला सांगा.