सभासदांची यादी, धनेशाची ढोली आणि मिरवणुकीतल्या काळ्या पट्ट्या

प्रश्न : आमच्या फोटोग्राफी क्लबात साठेक सभासद आहेत. प्रवेश अर्जाबरोबर आधारची झेरॉक्स, जन्मतारीख, रक्तगट, घरचा पत्ता असं सगळं घेतो. ऑनलाइन अर्जांची माहिती गूगल शीटमध्ये जमते, तिची लिंक कार्यकारिणीच्या ग्रुपवर असते. हल्ली नव्या सभासदांना कर्जाचे आणि कॅमेऱ्याच्या हप्त्यांचे फोन येतात. काय करावं? – सचिव, बेळगाव

उत्तर : यादी कुणी फोडली ते शोधत बसू नका, आधी दार लावा. शीटच्या ‘शेअर’मध्ये जाऊन ‘लिंक असलेला कोणीही’ ही परवानगी काढा आणि ती ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. खालच्या नावांत माजी पदाधिकारी दिसतील, त्यांना वगळा. मग शीटचा मालक कोण ते बघा. बरेचदा ती जुन्या सचिवाच्या खासगी खात्यावर असते, म्हणजे पद गेलं तरी यादी त्याच्याचकडे. क्लबच्या नावाने वेगळं खातं काढा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि पासवर्ड दोघांपलीकडे देऊ नका. ऑनलाइन अर्जाच्या सेटिंगमध्ये ‘निकालांचा सारांश दाखवा’ हे बटण चालू असेल तर तेही बंद करा. ते चालू असलं की अर्ज भरणाऱ्याला इतरांची उत्तरंही दिसतात.

आता खरी गोम. आधारचा रकाना नुसता डिलीट केला तरी शीटच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त तो शाबूत राहतो, एडिट करण्याचा हक्क असलेला कोणीही जुनी प्रत उघडू शकतो. म्हणून क्लबच्या खात्यावर कोरी शीट करा, लागणारे रकानेच तिच्यात चिकटवा, जुनी शीट पूर्ण काढून टाका आणि कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर ती तिथे ३० दिवस पडून राहते. अर्जातून आधारचे फोटो घेतले असतील तर ते ड्राइव्हच्या वेगळ्या फोल्डरात असतात. तो फोल्डर लोक हमखास विसरतात.

लागणारे रकाने किती? नाव, मोबाईल, गाव आणि वर्गणीची तारीख. रक्तगट व घरच्यांचा नंबर फक्त सहलीपुरता घ्या, आठवड्याभरात पुसून टाका. फोटोग्राफी क्लबाला आधार लागतच नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूला मुक्कामी जाताना ओळखपत्र मागितलं तर ज्याने त्याने आपलं दाखवावं. एखाद्या ठिकाणी प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कपाटातल्या झेरॉक्स रद्दीवाल्याला विकू नका. उद्या त्यांच्यातच शेंगदाणे बांधून मिळतील. बारीक फाडून जाळा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कागदी अर्ज स्कॅन करून ठेवला तर तोही कायद्याच्या कक्षेत येतो. आपल्या भागाच्या सोयीची एक गोष्ट त्यात आहे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय सभासदाला द्यावा लागतो. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. अर्जावर दोन्हींत चार ओळी छापा: काय घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, काढून टाकायला कुणाला सांगायचं.

प्रश्न : क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून माझा नंबर घेऊन अनोळखी सभासद रात्री मेसेज टाकतात. ग्रुप सोडला तर कार्यक्रम कळत नाहीत. – एक सभासद, निपाणी

उत्तर : सोडायची पाळी तुमच्यावर येऊ नये, ग्रुपची रचना बदलायला हवी. ॲडमिनला ‘कम्युनिटी’ करायला सांगा. तिच्या घोषणांच्या ग्रुपात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनचे तेवढे दिसतात. गप्पांचा उपग्रुप ऐच्छिक ठेवावा, कारण तिथे मात्र नंबर उघडा होतो. ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवणारी) हा जुना उपाय. तिच्यात २५६ जणांची मर्यादा, आणि ज्याने ॲडमिनचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचत नाही. मेसेज टाकणाऱ्याला ब्लॉक करा आणि स्क्रीनशॉट कार्यकारिणीला द्या. त्यावर काही न करणारी कार्यकारिणी बदलण्याजोगीच.

प्रश्न : खानापूरच्या जंगलात धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची ढोली सापडली. जागा कुठे लिहिली नव्हती, तरी पुढच्या रविवारी तिथे सात-आठ कॅमेरे. पत्ता फुटला कसा? – एक वाचक, खानापूर

उत्तर : बहुधा फोटोनेच सांगितला. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाईलमध्येच बसतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसेच्या तसे पोचतात. क्वालिटी जाऊ नये म्हणून क्लबात सगळे डॉक्युमेंटच पाठवतात, तिथेच घात होतो. मोठ्या कॅमेऱ्यात जीपीएस नसलं तरी फोनच्या ॲपशी जोडलेला कॅमेरा फोनचं लोकेशन उचलू शकतो. ॲपमधला तो पर्याय बंद करा.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून फाईल काढताना मेटाडेटात (फाईलमधल्या लपलेल्या माहितीत) ‘लोकेशन काढा’वर खूण करा. विंडोजवर फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तळाची ‘खासगी माहिती काढा’ ही ओळ. स्पर्धेसाठी रॉ (कॅमेऱ्यातली मूळ) फाईल द्यावी लागली तर ती फक्त परीक्षकाला द्या. फोटोत मागे दिसणारा मैलाचा दगड किंवा देवळाचा कळसही पत्ताच असतो, तो कापा.

एवढी काळजी कशाला, तर धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि बोटभर फटीतून नर तिला खाऊ घालतो. खाली माणसं थांबली की नर लांबच्या झाडावर बसून राहतो, आत मादी-पिल्लं उपाशी. साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत ढोलीचे फोटो क्लबच्या ग्रुपवर येऊच देऊ नयेत, असं आमचं मत आहे.

प्रश्न : शिकाऊ वीसेक आहेत, काही शाळकरी. स्लाइड दाखवून सगळं सांगतो, तरी सगळे ऑटोवरच, म्हणजे सगळं कॅमेराच ठरवतो. गोकाकच्या धबधब्यावर नेलं तर पाणी पांढरं फटक आलं. – एक संयोजक, गोकाक

उत्तर : स्लाइड बंद करा. पाच-पाचांचे गट आणि एका रविवारी एकच गोष्ट. पहिला रविवार फक्त शटरचा: एकच जागा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/५०० पासून निम्म्या-निम्म्या वेगाने १/४ पर्यंत, आठ फोटो. ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफ/ आकडा) त्या मानाने बदलत न्या. शेवटच्या पायऱ्यांना प्रकाश जास्त होईल, तिथे एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच. आठही फोटो तिथेच शेजारी शेजारी बघायचे.

पाणी फटक होतं कारण भोवतीचा काळा खडक बघून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) फोटो उजळवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सोय) -०.७ ते -१ करा आणि जास्त उजेडाचा भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवा. गडद ढगाळ दिवशी आयएसओ १००, एफ/११ला साधारण १/२५ मिळतो. एनडी ८ (प्रकाश आठपट कमी करणारा) लावला की १/३ सेकंद, पाण्याला रेशीम यायला पुरे. कडक उन्हात एफ/१६ला १/१०० येतो, तिथे एनडी ६४ लागतो. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी तांबूस असतं. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय) तो रंग मारू बघतो, म्हणून ‘क्लाउडी’वर पक्का करा. ट्रायपॉड झुलत्या पुलावर लावू नका, चालणाऱ्याचं प्रत्येक पाऊल फोटोत उतरतं. काठावरच्या खडकावर लावा आणि प्रत्येक फोटोआधी काचेवरचे तुषार सुती फडक्याने टिपा, चोळू नका.

शाळकरी मुलांबद्दल: वर सांगितलेल्या डेटा कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. प्रवेशाची सही वेगळी आणि मुलाचा फोटो प्रदर्शनात लावायची वेगळी घ्या. एकाच सहीत दोन्ही उरकू नका.

प्रश्न : शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे रात्रीचे फोटो काढले, सगळ्यांत आडव्या काळ्या पट्ट्या. कॅमेरा बिघडला का? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने टिपतं, त्यामुळे ती चढउतार पट्ट्या होऊन दिसते. मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५०, अँटी-फ्लिकर (दिव्यांचं लुकलुकणं टाळणारी सोय) असेल तर चालू. आयएसओ ३२०० आणि एफ/२.८पासून सुरुवात करा. एलईडी पडद्यांचं लुकलुकणं मात्र विजेच्या हिशेबात नसतं. त्यांच्यासमोर १/६० ते १/१२५ मधले दोन-तीन वेग मिरवणूक येण्याआधी, रथ उभा असतानाच तपासून घ्या. लेझीम चालू झाल्यावर स्क्रीनकडे बघायला सवड नसते.