ओपनिंग लिहायला बसले की निबंधच होतो, काय करू?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी सोलापुरात पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पप्पा यंत्रमागावर कामाला आहेत. कॉलेजच्या मॉक ट्रायलमध्ये (सरावाच्या खटल्यात) मला सरकारी वकील केलंय. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत, दारूकामाच्या म्हणजे आतषबाजीच्या रात्री गोडाऊनमधून चादरींचे गठ्ठे चोरीला गेले आणि आरोपी वॉचमन, अशी केस आहे. मी दोन पानी ओपनिंग, म्हणजे खटल्याच्या सुरुवातीचं निवेदन लिहिलं, सर म्हणाले हा निबंध झाला. सोबत पाठवलंय. हेच जमत नसेल तर लॉ सोडू का?

उत्तर: अगं सोडायचं काय त्यात, अजून कोर्टाची पायरी चढली नाहीस तू. पण सर बरोबर बोलले. तुझं पहिलं वाक्य आहे "न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असली तरी...", आणि सुप्रीम कोर्टातल्या नव्या मूर्तीची पट्टी तर २०२४ मध्येच गेली की! चादरीचा गठ्ठा तुझ्या लिखाणात पहिल्यांदा येतो दुसऱ्या पानावर, तोवर जज घड्याळ बघायला लागलेला असतो.

हे शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेमुळं होतं. "पूज्य गुरुजनवर्ग" म्हणायचं, मग एक सुविचार, मग चार ओळींची कविता, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की कोर्टातपण तेच सुरू होतं. त्यात भर म्हणजे इंग्रजी सिरियल, तिथं वकील ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर फेऱ्या मारत बोलतो. आपल्याकडं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ज्युरीच उरली नाही, समोर एकटा जज आणि त्यानं असली भाषणं रगड ऐकलेली असतात.

कायदा काय मागतो ते बघ. बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २४९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, सीआरपीसीचं २२६) म्हणतं, सरकारी वकिलानं आरोप काय ते सांगायचं आणि तो कुठल्या पुराव्यानं सिद्ध करणार ते सांगायचं. बास, एवढंच. (हे कलम सेशन्स कोर्टात चालणाऱ्या गंभीर गुन्ह्यांच्या केसचं आहे, तुमची वॉचमनची चोरी खरं तर मॅजिस्ट्रेटकडं चालेल, पण मॉक ट्रायलला एवढं कोण बघत नाही.)

तुझ्याच केसच्या कागदावरून मी लिहून बघितलं: "साहेब, दारूकामाच्या रात्री सगळं गाव होम मैदानाकडं गेलं होतं तेव्हा एका गोडाऊनचं कुलूप उघडलं गेलं. तोडलं नाही, चावीनं उघडलं. चाव्या दोनच. एक मालकाकडं, ते त्या रात्री पुण्यात होते, लॉजचं बिल आम्ही दाखल करू. दुसरी आरोपीकडं." यात वॉचमनला मी चोर म्हटलं का? नाही ना, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते आपोआप आलं. "नमकहराम", "विश्वासघातकी" असले शब्द तू सात वेळा लिहिलेस, मोजले मी, ते सगळे काढ. पुराव्यावरून निष्कर्ष काढायचा तो शेवटच्या युक्तिवादात, तिथं मग काय भांडायचं ते भांड.

आणि सगळ्यात घातक वाक्य तुझं हे, "सीसीटीव्हीत आरोपीचा चेहरा स्पष्ट दिसेल." केसच्या कागदात लिहिलंय की फुटेज अंधुक आहे, फक्त उंची आणि स्वेटर कळतो. तू चेहरा दिसेल म्हणालीस आणि दिसला नाही तर समोरचा वकील शेवटपर्यंत तेवढंच धरून बसेल, मग चावीचा इतका चांगला मुद्दापण वाया जाईल. त्यापेक्षा आपणच आधी सांगून टाकायचं, फुटेज अंधुक आहे, आमची केस चावीवर उभी आहे. सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर आहे, समोरच्यानं तिसऱ्या चावीची वाजवी शंका उभी केली तरी त्याचं काम होतं, त्यामुळं डुप्लिकेट चावीचं काय याची तयारी आत्ताच कर.

डिबेटचं विचारलं नाहीस तरी सांगते कारण तिथं तू हेच करशील. तिथं पहिल्या मिनिटापासून बाजू घ्यायचीच असते. समजा विषय आहे "सोलापूरला विमानाआधी रोज पाणी हवं", तर "आमच्या घरी आज नळ आला, आता परत चार दिवसांनी" म्हणून सुरुवात कर आणि लगेच तुझे दोन-तीन मुद्दे सांगून टाक, उजनी धरणाच्या इतिहासात शिरू नकोस.

करिअरचं थोडक्यात. डिग्रीनंतर सनद (वकिलीचा परवाना), एआयबीई म्हणजे ऑल इंडिया बार एक्झाम, मग कुणाकडं तरी ज्युनिअर म्हणून राहावं लागेल आणि सुरुवातीला पैसे कमीच मिळतात, हे घरी आत्ताच सांगून ठेव. जज व्हायचं डोक्यात असेल तर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आधी ३ वर्षं वकिली लागते. बोलायची भीती तोवर जाते, आणि खालच्या कोर्टात मराठी चालते.

आता एक पान लिही, दोन मिनिटांचं. पप्पा कामावरून आले की त्यांना वाचून दाखव, कायदा समजवत बसू नकोस. मध्येच त्यांनी "मग दुसरी चावी कुणाकडं होती?" असं विचारलं तर तेच पान सरांना दे, आणि नुसती मान हलवली तर मला परत पाठव.