वाखाची भांग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: वाखासाठी, म्हणजे सालीतल्या धाग्यासाठी, भांगेची पाच-सहा झाडे डोंगरउतारावर, मोकळ्या रानात लावायचा विचार आहे. रोज लक्ष न देता ती वाढतील का? एवढ्या थोड्या झाडांनाही परवाना लागतो का?

उत्तर: लागतो, आणि रानातल्या जागेसाठी तो मिळत नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात वाख, बी आणि शोभेसाठी होणारी भांगेची लागवड वगळलेली आहे. मात्र लागवड त्याच कामासाठी आहे हे सिद्ध करायचे कसे, ते प्रत्येक देशाने स्वतः ठरवले आहे. बहुतेक ठिकाणी परवाना ठरावीक जमिनीला, ठरावीक क्षेत्राला आणि मान्य वाणालाच मिळतो. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली बिनपरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. झाड एक असो की शंभर, कलम तेच लागते. कॅनडात बहुतेक ठिकाणी घरटी चार आणि जर्मनीत प्रौढ व्यक्तीमागे तीन झाडांची मुभा आहे, पण तीही राहत्या घरापुरती. सरकारी रानात किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर लावलेले झाड या देशांतही बेकायदाच आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी पाच-सहा झाडांतून कामाचा वाख निघत नाही. मोकळ्या जागेत वाढलेली भांग बुडापासून फांद्या फोडते. तिचे खोड जाड आणि लाकडी होते, आणि जिथे फांदी फुटते तिथे वाखाची पट्टी तुटते. वाखाला हवे ते सरळसोट, बिनफांद्यांचे, पेन्सिलीएवढे किंवा त्याहून बारीक खोड. ते फक्त दाटीत तयार होते. शिवाय भांगेचे परागण वाऱ्यावर होते आणि पराग काही किलोमीटरपर्यंत जातो. रानातली चार बेवारस झाडे आसपासच्या परवानाधारकाचे बियाणे बिघडवू शकतात. म्हणून पुढची सगळी उत्तरे परवाना असलेल्या, प्रमाणित बियाण्याच्या लहान तुकड्यासाठी आहेत.

प्रश्न: परवान्याची १०० चौरस मीटर जागा आहे. बी किती लागेल? गेल्या हंगामात पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि निम्म्याहून अधिक बी उगवलेच नाही.

उत्तर: वाखासाठी हेक्टरी ५० ते ७० किलो बी पेरतात. तुमच्या तुकड्याला ६०० ग्रॅम धरा. हजार दाण्यांचे वजन साधारण १८ ग्रॅम धरले तर चौरस मीटरला सुमारे ३३० दाणे पडतात. उगवण आणि मर वजा जाता दोनशेच्या आसपास रोपे टिकतात, आणि वाखाला तेवढी दाटी पाहिजे. बियांसाठी पीक घ्यायचे असेल तर याच्या निम्मे बी पुरते, कारण तेव्हा फांद्या हव्या असतात.

पेरणीच्या आठवडाभर आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. पाच दिवसांत ८५ च्या वर मोड आले तर बी चांगले. ७० आले तर त्या प्रमाणात बी वाढवा. ५० च्या खाली गेले तर ते पेरूच नका, कारण उगवलेली रोपेही कमजोर निघतात. हे तेलबी आहे. उष्ण, दमट जागी त्यातले तेल खवट होते आणि एका वर्षात उगवण घसरते. जुने बी स्वस्तात घेऊन काही वाचत नाही.

तुमचे बी बहुधा मातीवर धरलेल्या कवचाने मारले. माती फार बारीक केलेली असेल आणि वर जोराचा पाऊस झाला तर पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो. भांगेचा कोंब सुरुवातीला नाजूक असतो, त्याला तो फोडता येत नाही. खाली खरवडून पाहिले तर पांढरे, वाकडे झालेले कोंब सापडतात. दाणेच मऊ होऊन कुजलेले दिसले तर दोष पाणी साचण्याचा. कवचावर उपाय पहिल्या तीन-चार दिवसांतच करता येतो: दाताळ्याचे दात जेमतेम एक सेंटिमीटर जातील इतक्या हलक्या हाताने पापुद्रा मोडायचा, किंवा हलके पाणी शिंपडून तो मऊ ठेवायचा. पाचव्या दिवसानंतर दाताळे लावले तर कोंबच तुटतात.

पुढच्या वेळी वाफसा आल्यावर पेरा. ढेकळे सुपारीएवढी राहिली तरी चालतात, उलट ती कवच धरू देत नाहीत. दोन ओळींत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. बी दोन ते तीन सेंटिमीटर खोल जावे. पाच सेंटिमीटरवर टाकलेले बी बहुतेक वाया जाते. पेरल्यावर माती पायाने किंवा हलक्या फळीने दाबून घ्या, म्हणजे दाण्याला ओल चिकटते. जमीन १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर थांबलेले बरे. पक्ष्यांना हे बी फार आवडते, म्हणून कोंब वर येऊन दोन पाने फुटेपर्यंत जाळी किंवा राखण लागतेच.

विरळणी करू नका. दाटीत अशक्त रोपे आपोआप मागे पडून मरतात. तीन-चार आठवड्यांत पाने एकमेकांना भिडली की खाली ऊन पोहोचत नाही आणि तण दबते. खुरपणी लागते ती फक्त त्याआधी, एकदाच.

प्रश्न: उत्तरेकडच्या थंड देशातले नामांकित वाण मागवले. रोपे गुडघाभर झाली आणि फुलावर आली. खत कमी पडले का?

उत्तर: खताचा संबंध नाही. भांग दिवसाच्या लांबीवर फुलते. वाखाचे बहुतेक वाण दिवस चौदा तासांपेक्षा लहान झाला की फुलोऱ्याकडे वळतात. उत्तरेत उन्हाळ्याचा दिवस सोळा-सतरा तासांचा असल्याने तिथले वाण तीन-साडेतीन महिने नुसते उंच वाढते. विषुववृत्ताच्या जवळ दिवस कधीच तेवढा मोठा होत नाही, त्यामुळे तेच वाण पहिले तीन-चार आठवडे संपले की लगेच फुलते. फूल आले की उंची थांबली. अशा रोपांना युरिया देऊन उपयोग नाही. पाने हिरवी होतील, खोड वाढणार नाही.

आपल्या अक्षांशाच्या आसपास तयार झालेले वाणच घ्या. चीनच्या युनान प्रांतातले वाण कमी अक्षांशावर उंच वाढतात, ते याच कारणाने. पेरणीही अशी धरा की उगवणीनंतरचे दोन महिने वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांत पडतील. उलटी चूकही होते: दक्षिणेकडचे वाण फार उत्तरेला नेले तर झाड प्रचंड वाढते, पण थंडीआधी बी पिकत नाही.

प्रश्न: पीक मधूनच पिवळे पडले आहे. युरिया द्यावा का?

उत्तर: आधी खाली पाहा. सखल भागातच पिवळे असेल आणि मुळे तपकिरी असतील तर पाणी साचले आहे. भांगेला ओल हवी असते, साचलेले पाणी दोन-तीन दिवसही सोसत नाही. चर काढून निचरा करा. युरिया तिथे वाया जातो. सगळीकडे खालची जुनी पाने पिवळी आणि मुळे पांढरी असतील तर मात्र नत्र कमी आहे. १०० चौरस मीटरला पूर्ण हंगामात एक किलो नत्र, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास युरिया, दोन हप्त्यांत पुरे. पेरणीआधी १००-१५० किलो कुजलेले शेणखत घातले असेल तर त्यातले निम्मे कमी करा. नत्र जास्त झाले की झाडे भरभर वाढतात, वाऱ्याने लोळतात आणि वाख कच्चा राहतो.

प्रश्न: झाडांच्या बुडाशी पाने नसलेले, फिकट कोंब आले आहेत. त्यांना निळसर फुले आहेत.

उत्तर: तो बंबाखू. तंबाखू आणि टोमॅटोवर येतो तोच. तो स्वतः अन्न तयार करत नाही, भांगेच्या मुळांतून ओढतो. फुले वाळून बी गळण्याआधी मुळापासून उपटून जाळा. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते, म्हणून या तुकड्यात काही वर्षे भांग, तंबाखू, टोमॅटो घेऊ नका. तिथे वापरलेली अवजारे धुतल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका.

प्रश्न: काही झाडे वाळायला लागली, काही हिरवीगार आहेत. रोग आहे की कापणीची वेळ झाली?

उत्तर: वाळणारी झाडे नर आहेत. भांगेत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, जवळपास निम्मी-निम्मी, आणि पराग सोडून झाला की नर संपतो. (नर आणि मादी फुले एकाच झाडावर येणारे वाणही आहेत, त्यांत हा प्रकार दिसत नाही.) वाखासाठी कापणी नर फुले उमलायला लागली की करायची, झाड हलवल्यावर पिवळी धूळ उडते तो दिवस. तुमचे काही दिवस हुकले आहेत, आता थांबू नका. बी भरू लागले की वाख खरखरीत होतो आणि कुजवायलाही जास्त वेळ घेतो. विळ्याने जमिनीलगत कापा, बुडे एका बाजूला करून पेंढ्या बांधा. वाख आणि बी एकाच पिकातून घेता येते, पण मग वाख दोरखंडाच्या लायकीचा मिळेल, कापडाच्या नाही.

प्रश्न: पाण्यात कुजवलेला वाख एकदा काळा पडला, एकदा धागे ओढताच तुटले. नेमके किती दिवस ठेवावे?

उत्तर: दिवस मोजून कुजवणे हीच इथली मूळ अडचण आहे. कुजण्याचे काम जिवाणू करतात. साल आणि लाकूड यांना जोडणारे पेक्टिन ते खातात. पेक्टिन संपले आणि काड्या तरीही पाण्यात राहिल्या तर धाग्यांचे पुंजके आपापसात सुटू लागतात आणि वाख ओढताच तुटतो. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर सात ते दहा दिवस लागतात, १५ अंशांना दोन आठवडे किंवा जास्त. त्यामुळे पाचव्या दिवसापासून रोज पाहावे लागते, आणि शेवटी दिवसातून दोनदा.

पाहायचे असे: पेंढीच्या आतल्या बाजूची एक काडी मधोमध मोडा. लाकूड कट्‌कन तुटून सालीतून निसटले आणि साल पट्टीसारखी सलग सोलून आली तर पेंढ्या त्याच तासाला बाहेर काढा. साल लाकडाला धरून राहिली तर अजून वेळ आहे. बोटांनी ओढताच धागे तुटले तर उशीर झाला.

बुडाकडचा भाग जाड असतो आणि मागे राहतो. त्यासाठी पेंढ्या आधी दोन दिवस नुसती बुडे पाण्यात ठेवून उभ्या करा, मग आडव्या बुडवा. पेंढी वीत-सव्वा वीत जाडीची बांधा. जाड पेंढीत बाहेरचे सडते तेव्हा आतले हिरवे असते. जाड, बारीक काड्या आधीच वेगळ्या करा. पाणी काड्यांच्या वजनाच्या पंधरा-वीस पट असावे आणि पेंढ्या पूर्ण बुडालेल्या असाव्यात.

काळेपणा लोखंडाचा आहे. लोखंडी टाकी, पत्रा, तार किंवा दाबायला ठेवलेला मातीचा ढिगारा यांतले लोह वनस्पतीतल्या टॅनिनला भेटले की वाखाला काळा रंग चढतो आणि तो धुतल्याने जात नाही. दाबायला दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे वापरा, तारेऐवजी सुतळी. काम झाले की ते पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. ते प्राणवायू ओढून घेते आणि मासे मरतात. रिकाम्या जमिनीवर पसरून जिरवा.

पाण्याची सोय नसेल तर दव पडणाऱ्या हंगामात काड्या गवतावर एकेरी किंवा फार तर दोन काड्यांच्या थरात पसरा. इथे बुरशी काम करते आणि तीन ते सहा आठवडे लागतात. मधे एक-दोनदा उलथा. रंग हिरव्यावरून पिवळा, मग करडा होतो आणि वर काळे ठिपके येतात. मोडण्याची चाचणी तीच. लागून पाऊस आला तर हे सगळे हाताबाहेर जाते.

काढलेल्या काड्या उभ्या करून कडक वाळवा. ओलसर काडी कांडली तर लाकूड मोडण्याऐवजी चेपते आणि वाखात अडकते. मग लाकडी कांडणीने कूट काढा, फळीवर झोडपा आणि खिळ्यांच्या फणीतून टोकाकडून आत अशा क्रमाने विंचरा. मधूनच विंचरायला घेतले तर लांब वाखाचा गुंता होतो.

प्रश्न: प्रमाणित बी वापरले, पण घरचे बी पेरलेल्या भागात टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) ०.३ टक्क्यांच्या मर्यादेवर गेले. खताने कमी होईल का?

उत्तर: नाही. हे प्रमाण मुख्यतः वाणाच्या आनुवंशिकतेवर ठरते. घरच्या बियात बाहेरचा पराग मिसळला असणार, त्यामुळेच बहुतेक परवान्यांत दर हंगामी प्रमाणित बियाण्याची अट असते. दुसरे कारण उशिराची कापणी: मादी फुलोरा पिकतो तसे प्रमाण चढते. चाचणीत आम्लरूप टीएचसीए ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवतात, कारण तापवल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून तेवढेच वजन उरते. म्हणून नुसता टीएचसीचा आकडा लहान पाहून निर्धास्त राहू नका; अहवालात ‘एकूण’ असे लिहिलेला आकडा वाचा. मर्यादा ओलांडलेले पीक नष्ट करावे लागते, आणि ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवून, त्यांच्यासमोर. घरचा भाग वेगळा कापला नसेल तर आत्ताच दोन्हींमधली सीमा आखून त्यांना दाखवा, म्हणजे प्रमाणित भागाचा नमुना वेगळा घेण्याची मागणी करता येईल.