आधी ‘बघतो’ म्हणणं सोडा

ब्रिटनमधल्या रेडिंगहून एका वाचकाचं पत्र आलंय: “शुक्रवारी साडेचारला मॅनेजर काम टाकतो. मी ‘आय विल ट्राय’ म्हणतो आणि शनिवार-रविवार त्यातच जातो. बायको म्हणते, तुला नाही म्हणताच येत नाही. पुण्याचा दादा फ्लॅटच्या हप्त्यासाठी पैसे मागतोय. मुलगा मराठीत उत्तर देत नाही. पुरुष म्हणून मी कमी पडतोय का?”

अहो, पुरुषपणाचं काय घेऊन बसलात! मला पत्रभर एकच शब्द दिसला: ‘बघतो’. तुमचं ‘आय विल ट्राय’ म्हणजे तेच. आपल्याकडे वर्गणीपासून स्थळापर्यंत ‘बघतो’ म्हणजे सभ्य नकार, आणि समोरच्याला तो कळतो. इथल्या मॅनेजरला त्यात होकार ऐकू येतो. वर व्हिडिओ कॉलवर आपण मानही डोलावतो.

येत्या शुक्रवारी एवढंच म्हणा: “हे मंगळवारी देतो. आधी हवं असेल, तर हातातलं कुठलं काम मागे ठेवू?” सुरुवातीला ‘सॉरी’ नको. कारणही नको; मुलाचा वाढदिवस सांगितलात की “मग रात्री बसा” आलंच. वाक्य संपलं की मनात पाचपर्यंत मोजा. गाडी घसरते ती इथे. शांतता सोसवत नाही आणि आपणच “पण अर्जंट असेल तर...” म्हणून मोकळे होतो. आमच्या घरात नवरा आणि दीर, दोघांचंही हेच. नंतर ठरलेलं दोन ओळींच्या ईमेलने कळवा.

तुमचा व्हिसा कंपनीच्या हातात असेल, तर नाही म्हणायची धास्ती खोटी नाही. म्हणूनच सहा महिने ‘चालेल’ म्हणत राहून एक दिवस भडकू नका. आवाज चढला की काम बाजूला राहतं, चर्चा तुमच्या वागण्याची होते. त्यापेक्षा रुजू होतानाचे कागद काढा. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे, सरासरी सहसा १७ आठवड्यांची. ती मर्यादा मला लागू नको, अशी सही तुम्ही केली असेल, तर ती सही किमान ७ दिवस आधी लेखी कळवून मागे घेता येते. करारात मुदत जास्त असू शकते, पण ३ महिन्यांपलीकडे नाही.

दादाला रक्कम आणि तारीख सांगा, नाहीतर सरळ ‘जमणार नाही, दादा’. ‘पुढच्या महिन्यात बघतो’ म्हणालात, तर तो बिल्डरला शब्द देऊन येईल. मुलाच्या मराठीचं वेगळं पत्र पाठवा.

आणि गुरुवारी रात्री बायकोला मॅनेजर करून ते वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा. ती हसेल. तुम्ही मान तेवढी हलवू नका.