शाळेतल्या मुलांना जर्मनीची आणि जर्मन लोकांची ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की सहावी-सातवीसाठी एका शनिवारी तीन तासांचा 'जर्मनी परिचय' घ्यायचा आहे, तुम्ही इतिहास-भूगोल शिकवता, जर्मन येत नाही आणि जर्मनी पाहिलेला नाही. शेवटच्या दोन गोष्टींची काळजी करू नका. ज्यांच्या नावाने पुण्यात-मुंबईत जर्मन शिकायची भवनं आहेत ते मॅक्सम्युलर डेसाऊ गावचे. ऑक्सफर्डला बसून त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला, पण भारतात कधी पाऊल ठेवलं नाही. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही मात्र केली. न जाताही आपुलकी असू शकते.

मी पुण्यात एका शाळेत जर्मन शिकवते. पहिल्या वर्षी मी जे केलं ते तुम्ही करू नका. झेंडा, नकाशा, गाड्यांची चित्रं, बव्हेरियातला चामडी चड्डीवाला माणूस, असे बारा तक्ते लावले. पोरं रांगेने बघून गेली. नंतर एकाला विचारलं काय लक्षात राहिलं, तर म्हणाला, "मॅडम, ते लोक खूप शिस्तीचे असतात." हे तर तो घरूनच ऐकून आला होता.

तेव्हापासून मी देश शिकवणं सोडलं आणि गाव शिकवायला लागले. जर्मनमध्ये 'हायमाट' असा एक शब्द आहे. 'मातृभूमी' म्हटलं की तो उगाच भाषणातला होतो. तुमच्या वर्गात विचारा, "तुझं गाव कुठलं?" कोथरूडमध्ये जन्मलेला मुलगा सांगतो, "आमचं गाव वाई." वर्षातून चार दिवस जातो, पण गाव तेच. हायमाट बरंचसं हेच आहे. आणि जर्मन लोकांच्या बाबतीत हे फार खरं आहे, कारण त्यांचा एकसंध देश झाला तोच 1871 साली. त्याआधी सगळी राज्यं आणि संस्थानं. आजही 16 राज्यं आहेत, आणि शाळेचा अभ्यासक्रम ज्याचा त्याचा. आकाराने देश महाराष्ट्रापेक्षा थोडाच मोठा, 3 लाख 57 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या मात्र साडेआठ कोटींच्या आत. आपला महाराष्ट्र 2011 च्या जनगणनेतच जवळजवळ सव्वाअकरा कोटींचा होता. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि बाकीचा भूगोल सोडून द्या.

त्याऐवजी एक गोल पाव हातात धरा, बेकरीतला साधा. उत्तरेकडे आणि बऱ्याच ठिकाणी तो ब्रोटशन, हॅम्बुर्गचे जुने लोक म्हणणार रुंडश्ट्युक, बर्लिनमध्ये श्रिपं, बव्हेरियात झेमल, स्टुटगार्टच्या बाजूला वेकलं. मुलं लगेच आपापल्या घरच्या शब्दांवर येतात. आमच्याकडे एकदा कोल्हापूरची मुलगी आणि नागपूरचा मुलगा यांच्यात भाजीच्या नावावरून अशी जुंपली की जर्मनी बाजूलाच राहिला. राहू द्या, त्यातूनच त्यांना कळतं.

मग पाच-सहा गट करा आणि एकेकाला एकेक गाव द्या. ब्रेमेनच्या गटाला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबड्याची लोककथा द्या. म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झालेले चौघे गायक-वादक व्हायला ब्रेमेनला निघतात, वाटेत चोरांना पळवून त्यांच्या घरात राहतात आणि ब्रेमेनला पोचतच नाहीत. तरी त्यांचा पुतळा ब्रेमेनमध्ये, नगरभवनाशेजारी. लोक गाढवाचे पुढचे पाय धरून मनात इच्छा धरतात, त्यामुळे ते पाय घासून चकचकीत झालेत. दुसऱ्या गटाला हेर्त्सोगेनाउराख द्या. नाव म्हणता म्हणता अर्धा वर्ग हसून पडतो. या छोट्याशा गावात आदी आणि रुडॉल्फ डास्लर हे भाऊ एकत्र बूट बनवायचे, दुसऱ्या महायुद्धानंतर फाटलं, एकाने आदिदास काढली, दुसऱ्याने पुमा. गावातले लोक म्हणे आधी समोरच्याच्या पायाकडे बघायचे आणि मग बोलायचं की नाही ते ठरवायचे. भाऊबंदकी समजावून सांगायची आपल्या मुलांना गरजच नाही.

बर्लिनचा गट थोडा समजूतदार निवडा. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करणारी भिंत 1961 ते 1989, हे पुस्तकात मिळेल. मुलांना मी सिग्नलवरचा माणूस दाखवते. पूर्व बर्लिनमध्ये 1961 मध्येच कार्ल पेग्लाऊ यांनी पादचाऱ्यांच्या सिग्नलसाठी टोपी घातलेला बुटका माणूस काढला. 1990 मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी पुन्हा एक झाले आणि पूर्वेकडच्या बऱ्याच गोष्टींबरोबर तोही जायला लागला, तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून त्याला वाचवला. लाल आणि हिरवा असा तो काढायला मुलांना फार आवडतं.

भाषा येत नसली तरी दहा मिनिटं भाषेला द्याच. "केजी म्हणजे काय?" विचारा. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने 1840 मध्ये हे नाव ठेवलं. आणि आपली बालवाडी? नारळाची वाडी, तशी बाळांची वाडी. हे उलगडलं की वर्गात एक मोठ्ठा 'अय्या' होतो, दर वर्षी. मग आकडे. 21 ला जर्मन लोक म्हणतात आइन-उंड-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस. म्हणजे आपलं एकवीस. इंग्रजीत वीस आधी येतो, आपल्यात आणि त्यांच्यात एक आधी. आपल्याकडे 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? तिकडेही 'वीस-एक म्हणा' असा आग्रह धरणारे लोक आहेत आणि त्यांचंही फारसं कुणी ऐकत नाही. शिवाय तीन लिंगं त्यांनाही आहेत आणि तू-तुम्हीही आहे. इंग्रजीला घाबरणारी मुलं इथे एकदम ताठ बसतात.

आता हिटलर. तो येणारच. माझ्या त्या पहिल्या वर्षी सातवीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, पण त्याने देश सुधारला ना?" मी म्हटलं, तो विषय आज नको. चूक केली. त्याचं पुस्तक आपल्याकडे फुटपाथवर मिळतं, घरोघरी 'असा माणूस पाहिजे' ऐकू येतं, आणि आपण गप्प बसलो की मुलं तेच खरं धरतात. आता मी खडूने व्हरांड्यात दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन काढते. गुंटर डेम्निग या कलाकाराने 1992 पासून एवढेच पितळी पत्र्याचे दगड रस्त्यात बसवायला घेतले. नाझींनी ज्यांना घरातून ओढून नेलं आणि मारलं, त्यांच्या घरासमोर एकेकाचा दगड: इथे राहत होते, नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. आता असे लाखाच्या वर दगड युरोपभर आहेत. मी हे सांगत होते तर एक मुलगी चौकोन टाळून उभी राहिली आणि म्हणाली, "पण नावावर पाय पडेल की." म्युनिकमध्ये नेमका हाच वाद झाला. तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख यांचं म्हणणं हेच, आणि शहराने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवायला परवानगी दिली नाही. मी तिला एवढं सांगितलं आणि वर्गाला दोन्ही बाजूंनी बोलू दिलं. वीस मिनिटं गेली, पण त्या दिवशी शिस्तीचं नाव कुणी काढलं नाही.

हे झालं की लगेच हाताला काम द्या, नाहीतर मुलं जडावतात. जर्मनीत मूल सहाव्या वर्षी पहिलीत जातं तेव्हा आईवडील त्याला कागदाचा भला मोठा शंकू देतात. त्याला शुलट्यूटे म्हणतात. आत खाऊ, पेन्सिली, एखादं खेळणं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅक्सनी-थुरिंगिया भागात ही पद्धत सुरू झाली, आणि तिथल्या मुलांना सांगायचे की शाळेत या शंकूंचं झाड असतं, शंकू पिकले की शाळेत जायची वेळ झाली. तुमच्या मुलांना असे शंकू करायला लावा आणि तुमच्याच शाळेतल्या बालवाडीला किंवा पहिलीला नेऊन द्यायला सांगा. आत काय घालायचं ते त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे एकाने चिंच घातली होती, मीठ लावलेली.

चार्ट पेपर जाड घ्या, पातळ कागद टोकाला फाटतो. सेलोटेप वाटते त्याच्या दुप्पट आणून ठेवा. आणि शंकूला शेवटचा पाऊण तास पूर्ण ठेवा, कारण टोक वळवायला मोठ्या मुलांनाही जमत नाही, तुम्हालाच प्रत्येकाकडे जावं लागेल.