मॉरिशसला जाताना आई-वडिलांना रियुनियनचा ज्वालामुखी दाखवावा का?

तुम्ही विचारलंय की मॉरिशसची तिकिटं झाली आहेत, बरोबर सत्तरीचे आई-वडील आहेत, मधले चार दिवस शेजारच्या रियुनियन बेटावर घालवावेत का आणि तिथे करण्यासारखं काय आहे. इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "म्हाताऱ्या माणसांना ज्वालामुखीत काय बघायचं असणार?" त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहिते आहे.

जा. नक्की जा. फक्त समुद्रासाठी जाऊ नका. रियुनियनला लॅगून, म्हणजे प्रवाळाच्या आतलं उथळ शांत पाणी, आहे, पण शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून लॅगून आणि देखरेखीखालच्या जागा सोडून इतरत्र पोहायला बंदी आहे. वाळू आणि निळं पाणी मॉरिशसला मिळेलच. रियुनियनला जायचं ते डोंगरासाठी. पिटों द ला फुर्नेझ हा २६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी आहे, आणि त्याच्या कड्यापर्यंत गाडी जाते. बेटाचा मधला डोंगराळ भाग २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, माण तालुक्यात विहिरी खोदायचे. आधी पहार आणि सुरुंग, मग यारी आली, कॉम्प्रेसर आला. शिक्षण चौथीपर्यंत. पण आमच्या भागातली जमीन किती परस खोलीवर काय देईल हे त्यांना विचारून लोक विहिरीची जागा धरायचे. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड, मग काळा पाषाण, मधेच गेरूचा तांबडा पट्टा. पट्टा लागला की ते काम थांबवून खाली उतरायचे, हात लावून ओल बघायचे. मी त्यांचीच मुलगी, शाळेत भूगोल शिकवते. दर वर्षी वर्गात सांगते की दख्खनचं पठार लाव्हारसाच्या थरांनी बनलंय. जो माणूस जन्मभर त्या थरांमधून खाली उतरत राहिला त्याला तो लाव्हा कधी बघायला मिळाला नाही, हे मला अनेक वर्षं टोचत होतं.

त्यात रियुनियनच का, तेही सांगते, कारण हे कुठलीही ट्रॅव्हल कंपनी सांगत नाही. भूशास्त्रज्ञ मोठ्या प्रमाणावर असं मानतात की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूवरून, म्हणजे खोलवरून लाव्हा वर येत राहतो त्या जागेवरून, आपल्या सह्याद्रीचा लाव्हा बाहेर पडला, तोच तप्तबिंदू आज रियुनियनखाली आहे. आपली जमीन उत्तरेकडे सरकत गेली, तो मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्या वाटेवरची बेटं. मॉरिशस साधारण ८० लाख वर्षांचं, आता थंड झालेलं. आणि टोकाला रियुनियन, अजून धगधगतं. म्हणजे आपल्या विहिरीतला काळा पाषाण आणि तिथला गेल्या काही वर्षांतला दगड एकाच चुलीवरचे.

हे मी घरी सांगितलं तेव्हा माझे थोरले दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामांनी जन्मभर दगडच फोडले, आता सुट्टीतपण त्यांना दगडच दाखवणार का? मॉरिशसला बोटीत बसवा, डॉल्फिन दाखवा." सगळ्यांना ते पटलं. तात्यांना कुणीच विचारलं नाही. मी विचारलं. तात्या म्हणाले, "जिवंत हाय म्हणतीस? मग चल की."

आम्ही बूर-म्युरा या वरच्या गावात राहिलो. तुम्हीही तिथेच किंवा आसपास एक रात्र काढा, किनाऱ्यावरून पहाटे निघून वर पोचणं म्हाताऱ्यांना त्रासाचं होतं. ढग साधारण नऊ-दहापर्यंत वर येतात आणि मग काही दिसत नाही, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. जुलै-ऑगस्टला तिथे पहाटे गोठणबिंदूच्या आसपास थंडी असते. मी आईला शाल, कानटोपी, मोजे, सगळं घातलं होतं. वाटेत प्लेन दे साब्ल नावाचं एक पठार लागतं. डांबरी रस्ता संपतो, सगळीकडे काळी-तांबडी खर पसरलेली, गवताची काडी नाही. तिथे तात्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरून मूठभर खर हातात घेतली, चुरगाळली, खिशात टाकायला लागले. (तसं करू नये, राष्ट्रीय उद्यान आहे, मी ती परत टाकायला लावली.)

पुढे पा द बेलकोंब. हा २३११ मीटरवरचा कडा. इथून खाली एक प्रचंड खोलगट मैदान दिसतं आणि त्याच्या मध्यावर मुख्य डोंगर. गाडीतळापासून कड्यापर्यंतची चाल थोडीच आहे, आईने ती आरामात केली, आणि पुष्कळ लोक इथूनच बघून परत जातात. खाली उतरायला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. मी तात्यांना म्हटलं, आपण वरूनच बघू. त्यांनी ऐकलं नाही. दोरावरून आणि कपारीत पाय रोवून जन्म काढलेला माणूस, कठडा असलेल्या पायऱ्यांना काय घाबरणार? हळूहळू, थांबत थांबत उतरले.

खाली पोचल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर ज्वालामुखीकडे पाठ केली. उतरून आलो त्या कड्याकडे तोंड करून उभे राहिले. कडा म्हणजे थरावर थर. एक लाव्हा येऊन गार झाला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, मधे तांबूस पट्टे. तात्या बोटाने खालून वर थर मोजत होते. "आपुन हिरीच्या तळाला हुबं ऱ्हाऊन वर बघायचो, त्येच हाय ह्ये," म्हणाले. "एकावर एक किती येळा आलंय बघ."

मग आम्ही पांढऱ्या रंगाच्या खुणा धरून फॉर्मिका लेओपर्यंत चाललो. १७५३ च्या उद्रेकात तयार झालेली ही एक छोटी गेरूच्या रंगाची टेकडी आहे, पायऱ्यांपासून फार लांब नाही. वाटेत लाव्हा जिथे सावकाश वाहिला तिथे त्याचे पीळ तसेच थिजलेत, चऱ्हाटाचे वेढे जमिनीवर टाकावेत तसे. तात्या खाली बसले. तळहाताने दगड चाचपला, त्यातली बारीक बारीक भोकं बघितली, नखाने खरवडली. बराच वेळ गेला. मागून येणारे फ्रेंच लोक "बोंझूर" म्हणून बाजूने जात होते, तात्या त्यांना "राम राम" म्हणत होते. मग मला बोलावून म्हणाले, "ही भोकं मोकळीच हाईत गं. आपल्यात भरल्याली असत्यात. लई वर्सं पाणी मुरायचंय हितं अजून."

मला तिथे रडू आलं. कारण हे अगदी बरोबर आहे. लाव्हातला वायू निघून गेला की भोकं राहतात. मग लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्यांमध्ये खनिजांचे स्फटिक साठत जातात. आपल्या मांजऱ्यात जे पांढरे ठिपके दिसतात ते हेच. पुस्तकात हे मी वाचलं, परीक्षेसाठी पाठ केलं. चौथी शिकलेल्या माणसाने एका सकाळी, एक दगड बघून, आपल्या विहिरींशी ताडून ते सांगितलं. ज्याला दाजी "दगड फोडणं" म्हणत होते ते हे ज्ञान होतं. त्याला त्याच्या ज्ञानाची जागा दाखवायची नाही तर काय डॉल्फिन दाखवायचे?

वर चढून यायला वेळ लागला, ते खरं. पण मधे बसत आलो आणि सकाळची थंड हवा होती.

आईसाठी मात्र दुसरा दिवस जास्त मोलाचा ठरला. बेटाच्या पूर्वेकडून सेंत रोझ ते सें फिलिप असा जो किनाऱ्याचा रस्ता जातो तो थेट लाव्हाच्या प्रवाहांवरून काढलेला आहे. नवा लाव्हा आला की रस्ता तुटतो, गार झाला की पुन्हा बांधतात. कडेला त्या त्या उद्रेकाच्या सालाच्या पाट्या आहेत. एप्रिल २००७ चा उद्रेक तर एवढा मोठा होता की लाव्हा समुद्रात शिरून नवी जमीन तयार झाली आणि वर डोंगरमाथ्यावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला. त्या प्रवाहावर आता करड्या दगडफुलाचा थर आणि नेचे उगवलेत. जुन्या प्रवाहांवर दाट जंगल आहे. तात्या प्रत्येक पाटीपाशी साल विचारायचे आणि झाड केवढं झालंय ते बघायचे. एवढ्या लवकर माती कशी होते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर पावसात आहे. ह्याच बेटावर जानेवारी १९६६ मध्ये एका दिवसात १८२५ मिलिमीटर पाऊस पडला, तो अजूनही चोवीस तासांचा जागतिक विक्रम आहे. आमच्या माणमध्ये वर्षाला पाचशेच्या आसपास पडतो. हे सांगितल्यावर तात्या गाडीत बराच वेळ बोलले नाहीत.

सेंत रोझला एक चर्च आहे. १९७७ मध्ये लाव्हा गावात शिरला, घरं गेली, आणि चर्चच्या दारातून जेमतेम आत येऊन थांबला. भिंतींना लागून तो काळा दगड अजून तसाच आहे. लोक वेळेवर बाहेर काढले गेले होते, कुणी दगावलं नाही. आई तिथे हात जोडून बराच वेळ बसली. तिने आत येताना चपला काढल्या होत्या, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने काही न बोलता तिच्यासाठी एका बाजूला सरकून जागा केली.

आता तुमचा खरा प्रश्न, चार दिवसांत काय काय. ज्वालामुखीला एक पूर्ण सकाळ आणि हवामान बिघडलं तर हाताशी आणखी एक. लाव्हाच्या रस्त्याला एक दिवस. मायदो नावाच्या जागेपर्यंत गाडी जाते, तिथून खाली माफात हे डोंगरांनी वेढलेलं खोरं दिसतं. तिथली वस्ती रस्त्याशिवाय राहते, चालत किंवा हेलिकॉप्टरनेच जाता येतं. सिलाओस या डोंगरातल्या गावाचा रस्ता वळणावळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी विसरून जावं. त्यापेक्षा सालाझी खोऱ्यातलं एल-बूर हे गाव बरं, जुनी लाकडी घरं आहेत, धबधबे आहेत. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. भात, डाळ किंवा घेवड्याची उसळ, पालेभाजी आणि तिखट चटणी हे तिथलं रोजचं जेवण, फक्त मांस नको हे आधी सांगा. सिलाओसची मसूर मिळाली तर जरूर खा. मुळातले तमिळ लोक बरेच आहेत, मंदिरं आहेत, आई-वडिलांना परकं वाटत नाही.

दाजी अजूनही लग्नाकार्यात म्हणतात की फोटोत नुसते काळे दगड आहेत. मी त्यांना, तुम्हाला आणि असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते. आपण म्हाताऱ्या माणसांची सुट्टी त्यांना न विचारता ठरवतो. एक तर देवदर्शन, नाही तर हॉटेलच्या खुर्चीत बसून समुद्र. तात्यांनी पंढरीची वारी पायी केली आहे, देवाचं त्यांना मी सांगायची गरज नाही. पण ज्या कामात माणसाचा जन्म गेला त्याबद्दल त्याला अजून काही जाणून घ्यायचं असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही. तुमचे वडील शेती करत असतील, गवंडीकाम करत असतील, बँकेत असतील, मला माहीत नाही. आधी त्यांना विचारा.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. गुडघे खरंच वाईट असतील किंवा हृदयाचा त्रास असेल तर पायऱ्या उतरू नका, वरचा कडा पुरेसा आहे; डॉक्टरांना २३०० मीटर उंची सांगून विचारून घ्या. उद्रेकाची शक्यता दिसली की खालचं मैदान बंद करतात, ते तुमच्या हातात नाही. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, तेव्हा जाऊ नका. मे ते नोव्हेंबर चांगलं. रियुनियन फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत) येत नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, व्हिसा केंद्रातून खात्री करा. विमान पाऊण तासाचं आहे, पण चलन युरो आणि सगळं मॉरिशसपेक्षा महाग. ते चार दिवसही जमत नसतील तर मॉरिशसमध्येच क्युरपीपला त्रू ओ सेर्फ हे निजलेल्या ज्वालामुखीचं विवर आहे, काठापर्यंत गाडी जाते, आणि गंगा तलावही विवरातच आहे.

गाडी भाड्याने घ्याल तर मॉरिशसला डावीकडून आणि रियुनियनला उजवीकडून चालवायची. गिअर नको असेल तर आधीच सांगून ठेवा.